पात्यावरचं कुंकू

विमानाच्या पंख्याचा वारा लागतो का, हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारलाय की आता मी नुसतं "लागतो" म्हणतो आणि चहा पितो. पूर्वी हौस होती. तेव्हा समजावून सांगायचो की बाबांनो, हा घरातल्यासारखा पंखा नाही. विमानाला जसे आडवे पंख असतात, तसेच हे उभे धरून गरगर फिरवलेले पंख. ते हवेतून फिरले की पुढं ओढले जातात आणि त्यांच्यामागं सगळं विमान ओढलं जातं, आत बसलेल्या माणसासकट. पातं पिळलेलं का असतं, तेही सांगायचो. जुन्या खळ्यावर मळणीला बैल फिरायचे, तेव्हा बाहेरच्या बैलाला पळावं लागायचं आणि मधल्या खांबाजवळचा जागच्या जागी पाय हलवायचा. पात्याचं टोक म्हणजे तो बाहेरचा बैल. वेग सगळीकडं वेगळा, म्हणून बुंध्याशी पातं जास्त कलतं ठेवायचं आणि टोकाकडं सपाट करत न्यायचं. ऐकणारा मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, "ते समदं खरं, पन वारा लागतो का?"

आता कुठं समजावत बसा! अठ्ठावन्नावं संपत आलंय. वीस वर्षं हवाईदलात पाती घासली, मग लायसनच्या परीक्षा दिल्या, आणि त्यानंतरची सगळी वर्षं इथं गेली. काष्टीपासून अर्ध्या तासावर, माळावर, विमान चालवायला शिकवणारी ही छोटी शाळा आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नुसता मुरूम, मध्ये धावपट्टी. दोन माणसं बसतील अशी तीन विमानं. रोज सकाळी मी ती तपासतो, वहीत सही करतो, त्याशिवाय विमान जागचं हलत नाही. सही करणारा आणखी एक जण होता, तो आखातात गेला. त्याच्या जागी आज येतो, उद्या येतो म्हणत कोणी आलंच नाही. तेव्हा तीन विमानांची सहा पाती एकट्या माझ्या गळ्यात.

मुरमाच्या माळावर पात्यांची जी दशा होते ती विचारू नका. इंजिन जोरात चालवलं की पंखा खालचे खडे ओढून घेतो. खडा पात्याच्या पुढच्या धारेवर आपटला की टवका उडतो. टवका म्हणजे तिळाएवढा खड्डा. एवढ्यानं काय होतंय, असं नवीन माणसाला वाटतं. त्याला मी कापडाच्या दुकानात पाठवतो. दुकानदार कापडाला कात्रीनं एवढीशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. पात्याचं तेच. मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे घेताना पातं स्वतःला बाहेर ओढत असतं. बुंध्याशी ती ओढ इतकी, जणू भरलेली उसाची ट्रॉली त्याला टांगलीय. त्यात एखादा आडवा ओरखडा सापडला की चीर तिथूनच सुरू होते. पात्याचा तुकडा उडाला तर उरलेलं पातं इंजिनाला असं हादरवतं की ते जागेवरून सुटतं. मग वर बसलेल्याचं काही खरं नाही.

म्हणून टवका सापडला की बारीक कानशीनं तो उथळ, लांबट करून टाकायचा, पात्याच्या लांबीच्या दिशेनं. मग पॉलिश पेपर. मग लाल रंगाची परीक्षा. ही परीक्षा मला फार आवडायची. पात्यावर पातळ लाल रंग लावायचा, थोडा वेळ थांबायचं, स्वच्छ पुसून घ्यायचं आणि वरून पांढरी पूड फवारायची. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तरी तिच्यात गेलेला लाल रंग पुडीतून वर येतो, आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ दिसली की पातं खाली उतरवायचं. त्यात वाद नाही, चर्चा नाही.

पण ही पुढची गोष्ट. टवका आधी सापडावा लागतो, आणि तो डोळ्यांना उशिरा दिसतो, नखाला लवकर लागतो. उजव्या अंगठ्याचं नख धारेवरून बुंध्यापासून टोकापर्यंत फिरवायचं. सगळ्या नोकरीत माझं हे नख प्रसिद्ध होतं. भिंग लावून ज्यांना सापडलं नाही ते मी दुसऱ्याशी गप्पा मारता मारता दाखवलंय. त्या नखावर मी जरा मिजाशीतच वागलो, हे कबूल करतो.

त्या नखाला शुगरनं गाठलं. आधी पाय गेले, म्हणजे चप्पल कधी निसटली ते मागं वळून बघितल्यावर कळायला लागलं. मग हाताची बोटं. गरम चहाचा स्टीलचा पेला मी आरामात धरायला लागलो, तेव्हा बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि पेला काढून घेतला. बोटाला फोड आली होती. मला पत्ता नाही.

"सांगून टाका शाळेत," ती म्हणाली.

"काय सांगू? नख मेलं म्हणून?"

"दुसरं काही काम देतील. बसून करायचं."

"आणि सही कोण करेल? तू?"

"बोटं गेली, पण हट्ट बघा कसा जिथल्या तिथं. त्याला कशी होत नाही शुगर!" असं म्हणून ती आत गेली. तिचं चुकत नव्हतं. पण मला खरंच कंटाळा आला होता. ऑफिसात जाऊन सांगायचा, डॉक्टरचे कागद दाखवायचे, सगळ्यांची कीव ऐकायची, या सगळ्याचाच कंटाळा. थोडंच राहिलंय, ढकलू, असं म्हणत होतो. त्याऐवजी मी कापसाचा बोळा वापरायला लागलो. धारेवरून कापूस ओढला की टवक्यात त्याचा धागा अडकतो. युक्ती चांगली आहे, कोणीही करावी. मी मात्र ती आजूबाजूला कोणी नाही हे बघून करायचो.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजली जात नाहीत असं गॅरेज सापडायचं नाही, तर आमचं हँगर, म्हणजे विमानांची शेड, कशी अपवाद असेल? कानशी, पकडी, पाने सगळे टेबलावर मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, नारळ दाराबाहेरच्या दगडावर फोडायचा. पात्यांना कुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ. माझा मेकॅनिक काष्टीचा, चाळिशीचा गडी, आधी ट्रॅक्टरच्या गॅरेजात होता. त्याच्या घरच्या ट्रॅक्टरची पूजा खोळंबली होती म्हणून त्याला मी लवकर सोडला. "तुमाला जमंल का एकट्याला?" त्यानं विचारलं. "जमंल म्हंजे? तुझ्या आधीपासून पूजा करतोय मी," असं म्हणून त्याला वाटेला लावला.

माळा बायकोनं ओवून दिल्या होत्या. पात्याच्या बुंध्याला माळ लावायची आणि मागं दोऱ्याची गाठ मारायची, बस. पण गाठ बसेना. दोरा बोटांत आहे की सुटला तेच कळत नव्हतं. तीनदा माळ खाली पडली. चौथ्यांदा पडली तेव्हा मी चिडलो. आम्ही बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना स्टीलची बारीक तार बांधतो आणि पकडीनं पीळ देतो. ते काम माझे हात झोपेतही करतील, कारण त्यात बोटांपेक्षा मनगट लागतं. तारेचं बंडल समोरच होतं. माळेतून तार ओवली, कुंकवाच्या बोटांवरूनच पात्याभोवती घेतली, पकडीनं सहा पीळ दिले, टोक दुमडलं. माळ अशी घट्ट बसली की वाऱ्यानं हलायची नाही. मला बरं वाटलं. हात जोडले, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. एक शेवगावची मुलगी आमच्याकडं शिकत होती, बावीस वर्षांची. घरचा कापूस, वडील स्वतः शेतात राबणारे. ती मला काका म्हणायची आणि बाकीचे विद्यार्थी पंख्याकडं ढुंकून बघायचे नाहीत तिथं ती मला हे का, ते का विचारून भंडावून सोडायची. मी कुरकुर करायचो, पण तिला सांगायचो. तिची पहिली एकटीची भरारी होती. शिकवणारे कॅप्टन म्हणाले, मुलगी तयार आहे. तिचे वडील म्हणाले, मग दसऱ्यालाच होऊ द्या, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. आई, वडील सकाळीच येऊन पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडं उभे होते, हातात पेढ्यांचा बॉक्स, पिशवीत आपट्याची पानं.

मी तिन्हींपैकी ती उडवणार होती त्या विमानापाशी आलो. कटरनं तारा तोडल्या, माळा बाजूला ठेवल्या, पाती ओल्या फडक्यानं पुसली. हळद निघाली, कुंकू निघालं. एका पात्याच्या बुंध्याजवळ धारेवर एक लाल रेघ तेवढी राहिली, केसाएवढी. पुन्हा पुसली. निघेना. कुंकू आहे, रंगात बसलं असेल, राहू दे, सणाचं शुभच आहे, असं मनात म्हटलं आणि पुढं सरकलो.

तेवढ्यात दोरीपलीकडून तिची आई म्हणाली, "भाऊ, येवढ्या जोरात फिरतो पंखा, त्यो तुटत न्हाई का हो कधी?"

"मी बघितलंय ना ताई," मी म्हणालो. "काळजी करू नका."

आणि तिला दिसावं म्हणून अंगठ्याचं नख धारेवरून ऐटीत फिरवलं, बुंध्यापासून टोकापर्यंत. काहीच लागलं नाही. लागणार कुठून? कापूस खिशातच होता. विसरलो असं म्हणणार नाही. मी तो काढला नाही. कापसानं पातं चाचपणारा म्हातारा म्हणून मला त्या माणसांपुढं दिसायचं नव्हतं. वहीत सही केली.

ती आली, तिनं स्वतःची तपासणी केली. मुलं करतात तशी, कागदावरच्या यादीप्रमाणे. पंख्यापाशी आली तेव्हा मी म्हणालो, "ते झालंय माझं." ती हसून पुढं गेली. माझ्या शब्दावर तिनं ते सोडलं.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं. मेकॅनिक निर्माल्य गोळा करत होता. माळा हातात घेऊन तो माझ्याजवळ आला.

"साहेब, माळा तारेनं बांधल्या व्हय? दोऱ्यानं न्हाई झालं?"

"पडत होत्या."

"आन् ही बघा की. तारंला चांदीवानी कायतरी लागलंय."

मी तार हातात घेतली. पिळाच्या आतल्या बाजूला चकचकीत बारीक कीस होता. ॲल्युमिनियमचा. स्टील कठीण, पातं मऊ, कानस सोडली तर पात्याला स्टील टेकवायचंसुद्धा नाही, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. मी सहा पीळ दिले होते. तार पात्याच्या धारेत शिरली होती, आडवी, आणि तीही बुंध्याशी, जिथं ओढ सगळ्यात जास्त. तारेखालचं कुंकू त्या ओरखड्यात जाऊन बसलं होतं. पुसूनही निघत नाही अशी लाल रेघ मी जन्मभर शोधत आलो, आणि ती समोर आली तर तिला मी शुभ म्हणालो!

धावपट्टीकडं बघितलं तर तिची चाकं जमिनीवरून सुटली होती.

कॅप्टन वायरलेस घेऊन उभे होते. मी जवळजवळ धावत गेलो. पाय कुठं पडतायत ते कळत नव्हतं. "सर, पात्याला ओरखडा आहे. बुंध्याशी. आडवा. मीच केलाय." त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. पटकन विचारलं, "किती खोल?" मी म्हणालो, "माहीत नाही. मला लागला नाही."  ते म्हणाले, "तिला काही सांगायचं नाही. पहिल्यांदा एकटी आहे, घाबरली तर उतरताना चुकेल. एकच चक्कर आहे. जरा वेग कमी ठेवायला सांगतो." आणि वायरलेसवर अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "छान चाललंय बेटा. इंजिन थोडं कमी कर, घाई नाही."

एक चक्कर म्हणजे सहा-सात मिनिटं. मला ठाऊक होतं की कालचा ओरखडा आज तुटत नाही. चीर वाढायला वेळ लागतो, बहुतेक काही होणार नाही. पण मी सही करतो ती 'बहुतेक'वर करत नाही. तसं चालत असतं तर माझी गरजच काय होती? मी नुसता आवाज ऐकत उभा होतो. उसावरून विमान वळलं तेव्हा आवाज किंचित बदलला. वळताना तो बदलतोच, हजारदा ऐकलाय मी, तरी मी दोन पावलं पुढं सरकलो. मागं तिची आई म्हणत होती, "बघा, बघा, आपली हाय ती! वर एकटी हाय!" आणि वडील फोनवर कुणाला तरी मोठ्यानं तेच सांगत होते. देवा, मनातल्या मनात मी म्हणालो, हिला खाली आण, मग माझं काय करायचं ते कर. त्याआधी किती वर्षांत देवाला काही मागितलं नव्हतं.

ती उतरली. छान उतरली, एकही धक्का न देता. विमान जागेवर आलं, पंखा थांबला, दोन पाती निमूट आडवी झाली. पहिल्या भरारीनंतर विद्यार्थ्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची आमच्याकडं पद्धत आहे. मेकॅनिक बादली घेऊन हसत निघाला होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"किल्ली काढ. बाहेर दाखव," मी तिला म्हणालो. इंजिनाची किल्ली बाहेर बघितल्याशिवाय मी पंख्याला हात लावू देत नाही, कितीही घाई असली तरी; तो अचानक फिरू शकतो. तिनं दाखवली. "आता इकडं ये. इथं नख फिरव. बुंध्याशी."

तिचा चेहरा आनंदानं फुललेला होता. तिला वाटलं, मी काहीतरी गंमत करतोय. तिनं अंगठा धारेवर ठेवला, हळू सरकवला, आणि थांबली. मागं नेला, पुन्हा आणला.

"काका, इथं काहीतरी लागतंय. नख अडतंय."

"आडवं की उभं?"

"आडवं."

मी माझा अंगठा तिथंच ठेवला, तिच्या बोटाशेजारी. गुळगुळीत. काचेसारखं गुळगुळीत.

"ही खूण मी केलीय," मी म्हणालो. "काल, माळ बांधताना. आणि सकाळी मला ती सापडली नाही, कारण माझी बोटं गेलीयत. वर्ष होत आलं. तुला कोणी सांगितलं की मी बघितलंय, तरी इथून पुढं स्वतः नख फिरवायचं. मी असलो तरी."

 वडील दोरी ओलांडून जवळ आले होते. "म्हंजे? तुमी तर बघितलंय म्हनला हुता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"म्हणालो होतो," मी म्हणालो. 

वही काढली. सकाळच्या सहीवर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, पंखा निकामी, विमान उडवायचं नाही. त्याच्याखाली माझ्याबद्दलही दोन ओळी लिहिल्या, बोटांना संवेदना नाही, तपासणी ग्राह्य धरू नये. कॅप्टननी वाचलं. "दुसरा माणूस येईपर्यंत तीनही विमानं उभी राहतील," ते म्हणाले. "राहू देत," मी म्हणालो.   लिहून झाल्यावर खांद्यावरचं ओझं उतरावं तसं वाटलं, आणि मग इतका थकवा आला की मी टायरवर बसलो.

पाणी काही कोणी ओतलं नाही. मेकॅनिकनं बादली झाडाला घातली. आईवडील पेढे तसेच घेऊन गाडीकडं निघाले. मला वाटलं, गेली ती. पण मुलगी परत आली. पिशवीतून तिनं आपट्याचं पान काढलं, माझा उजवा हात धरून उलटा केला आणि तळव्यावर ठेवलं.

"सोनं घ्या काका."

मी मूठ मिटली. ती वाकून पाया पडली आणि गेली. तिची पाठ वळल्यावर मी मूठ उघडून बघितली, पान आहे का ते.